१२ बाय १० ची खोली आणि ५.१ चे स्पीकर: डोंबिवलीतलं एक प्रकरण

खोली १२ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ. डोंबिवली पूर्वेच्या टू-बीएचकेमधली छोटी बेडरूम. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, चारही बाजूंना गिलावा केलेल्या विटांच्या भिंती, वर सपाट स्लॅब आणि बरोबर मधोमध ४८ इंची पंखा. ५५ इंची टीव्ही १० फुटी भिंतीवर, त्याच्या समोरच्या भिंतीला टेकवून दिवाण. डाव्या भिंतीत सरकती ॲल्युमिनियमची खिडकी, उजव्या भिंतीत मागच्या कोपऱ्याला दार. ते उघडलं की चुंबकाने उजव्याच भिंतीला चिकटतं. टीव्हीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम आहे आणि तिथे एक वयस्कर आजी झोपतात.

खोली माझ्या मामांची. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीला आलेले, सिनेमाचे मनापासून शौकीन. त्यांची तक्रार एका वाक्याची होती: "मारामारी आली की कान फाटतात, आणि माणसं बोलायला लागली की काही कळत नाही." रिमोट सतत हातात, आवाज वर-खाली, वर-खाली. मामेभावाला यावर ॲटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आल्याचा भास देणाऱ्या डॉल्बीच्या तंत्राचा, उपाय दिसत होता. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून तो ७.१ चं (सात स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर; ५.१ मध्ये स्पीकर पाच) कोटेशन घेऊन आला होता, त्यात पुढे दोन टॉवर स्पीकर आणि १२ इंची सबवूफर. बजेट ८० हजार. मोजमापाचा माइक माझ्याकडे असल्यामुळे मला बोलावणं आलं.

माझं मत मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एवढ्या खोलीत किती स्पीकर आणि कोणत्या कंपनीचे हे प्रश्न दुसऱ्या नंबरचे. ऐकणाऱ्याचं डोकं भिंतीपासून किती लांब असणार, हा पहिला. तो सुटला नाही तर दोन लाखांचा संचही त्याच तक्रारीवर येऊन थांबतो.

बोलणं का कळत नव्हतं

मामा दिवाणावर तक्क्याला टेकून बसत. डोक्यामागची भिंत जेमतेम आठ इंचांवर. टीव्हीतून येणारा आवाज एकदा थेट कानावर येतो आणि तोच भिंतीवर आपटून साधारण सव्वा मिलिसेकंदाने परत येतो. हे दोन आवाज एकमेकांत मिसळले की काही पट्ट्या खोडल्या जातात. आठ इंचांच्या अंतराला पहिली खोड सुमारे ४३० हर्ट्झला पडते, पुढची १,३०० च्या आसपास, त्यापुढची २,१५० ला. माणसाच्या बोलण्याचा गाभा नेमका याच पट्ट्यांत असतो. त्यात खोली उघडी-बोडकी, टाइल्सवरून आणि समोरासमोरच्या भिंतींवरून आवाज टोलवला जाणारी. टाळी वाजवली तर मागे बारीक झणझण ऐकू येत होती.

दुसरं कारण खालच्या सुरांचं. प्रत्येक खोलीला तिच्या मापाचे सूर असतात. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की सगळ्यात खालचा सूर निघतो. १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६, साडेनऊ फूट उंचीला ५९. म्हणजे रुंदी आणि उंची एकमेकींच्या शेजारच्याच सुरांवर घुमणार. आणि असे सूर भिंतीलगत सगळ्यात जोरात असतात. दिवाण भिंतीला टेकलेला, त्यामुळे लांबीच्या ४७ हर्ट्झचा पुरा दणका मामांच्या वाट्याला येणार. टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून इतका खालचा सूर मुळात निघत नाही, म्हणून ही अडचण अजून दिसली नव्हती. सबवूफर आला की पहिल्याच संध्याकाळी दिसली असती.

तिसरं कारण कानांचं. वयोमानाने ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या सुरांचं. स, श, च, छ, फ या व्यंजनांची धार वरच्या सुरांत असते, म्हणून स्वर ऐकू येतात पण शब्द लागत नाही. मामांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ऑडिओमेट्रीत सौम्य कमतरता निघाली. श्रवणयंत्र आत्ताच नको, वर्षाने पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाले. घरात वडीलधाऱ्यांना बोलणं कळत नसेल तर स्पीकर घेण्याआधी ही तपासणी करून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं.

चौथं कारण सेटिंगमधलं. ओटीटीवरचे बरेच सिनेमे ५.१ मध्ये येतात आणि त्यात संवादांचा मोठा वाटा मधल्या चॅनेलवर असतो. टीव्ही ते सहा चॅनेल दोन स्पीकरांत कोंबतो, त्यामुळे संवाद, पार्श्वसंगीत आणि गाड्यांचे स्फोट एकाच छोट्या भोकातून बाहेर पडतात. मामांना संवादांसाठी वेगळा स्पीकर मिळणं हीच निम्मी दुरुस्ती होती.

दिवाणावरून झालेली चर्चा

दिवाण अडीच फूट पुढे घ्यायचा, म्हणजे डोकं भिंतीपासून तीन फुटांवर येईल, असं मी सुचवलं. मामींनी लगेच विचारलं, "आणि तक्क्याला टेकू कशाचा? मागे एवढी जागा रिकामी सोडून करू काय तिथे?" दोन्ही प्रश्न रास्त होते. लहान घरात अडीच फूट म्हणजे चैन. शेवटी दिवाणाच्या मागच्या कडेला सहा फूट लांब, फूटभर खोल अशी ठेंगणी पुस्तकांची मांडणी आणली. तक्के तिला टेकतात, आणि हॉलमधल्या खोक्यांत पडलेली मामांची पुस्तकं तिथे लागली. मांडणी आणि भिंत यांच्यामध्ये दीड फूट उरतं. त्यात इस्त्रीचं टेबल दुमडून उभं राहतं आणि झाडूही फिरतो.

स्पीकर यायच्या आधी, नुसता दिवाण हलवून, मी सोबत नेलेला एक छोटा सब आणि माइक लावून मोजलं. रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. ४७ हर्ट्झजवळ उभा असलेला उंचवटा तीनेक डेसिबेलने खाली आला. मोजणी राहू द्या. मामांनी टीव्हीवरच्या बातम्या लावल्या आणि नेहमीपेक्षा कमी आवाजात ऐकल्या. तोवर एक रुपयाचाही स्पीकर घेतलेला नव्हता.

काय नाकारलं आणि का

७.१ आधी गेलं. मागचे दोन जास्तीचे स्पीकर डोक्यामागे तीन फुटांवर येणार आणि बाजूचे पाच फुटांवर. इतक्या जवळ चार स्पीकर असले की कान प्रत्येकाला वेगळा ओळखतो, आणि आवाजाचं वेढणं हरवून नुसती ठिकाणं ऐकू येतात. शिवाय प्रत्येक जोडीमागे बजेट वाटलं जातं आणि पुढच्या तिघांचा दर्जा घसरतो.

टॉवर स्पीकर दुकानात भारदस्त वाटले होते, पण दुकानातली डेमोची खोली या खोलीच्या तिप्पट होती. टॉवरचा खालचा आवाज ४० हर्ट्झच्या आसपास उतरतो आणि इथे ते कोपऱ्यापासून दीड-दोन फुटांवर उभे राहिले असते. ४७, ५६ आणि ५९ या तिन्ही सुरांना दोन कोपऱ्यांतून खतपाणी, आणि सबप्रमाणे त्यांना हलवून चांगली जागा शोधायची सोय नाही. एवढ्या खोलीत टॉवर घेऊ नयेत, हे मी ठामपणे सांगतो.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते वर आवाज फेकणाऱ्या ॲटमॉस साउंडबारवर. मेव्हण्यांनी तो घेतला होता आणि मामेभाऊ त्यावर लुब्ध झाला होता. या बारमधले दोन ड्रायव्हर छताकडे तोंड करून असतात. आवाज छतावर आपटून ऐकणाऱ्याकडे येतो आणि वरून आल्याचा भास होतो. छत सपाट असेल तर कल्पना चांगली आहे. पण इथे कागदावर रेष मारून पाहिली. बार टीव्हीच्या भिंतीपासून फूटभर पुढे, जमिनीपासून दोन फुटांवर. डोकं टीव्हीच्या भिंतीपासून नऊ फुटांवर, कान सव्वातीन फूट उंचीला. छतावर आवाज आपटण्याची जागा येते टीव्हीच्या भिंतीपासून साधारण साडेपाच फुटांवर. पंखा बसवलाय सहा फुटांवर, आणि पात्यांचा घेर चार फुटांचा, म्हणजे चार ते आठ फुटांपर्यंतचा पट्टा पात्यांचा. आवाजाची वाट थेट फिरत्या पात्यांतून जाते. मे महिन्यात डोंबिवलीत पंखा बंद करून सिनेमा बघणार कोण? मामेभावाने ती रेष स्वतः पुन्हा मारून बघितली आणि विषय सोडला. आपल्याकडच्या बहुतेक बेडरूममध्ये पंखा मधोमध असतो, त्यामुळे असा बार घेणाऱ्याने आधी हे एवढं गणित जरूर करावं.

पंधरा-वीस हजारांत मिळणारे ५.१ चे तयार संचही पाहिले. कमी बजेट असतं तर मी नाही म्हटलं नसतं. पण त्यांचे सॅटेलाइट स्पीकर मुठीएवढे. त्यांना खालचा आवाज झेपत नाही म्हणून दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंतचं काम सबवर ढकललं जातं, आणि पुरुषांच्या आवाजाचा खालचा भाग सबच्या कोपऱ्यातून येऊ लागतो. ज्यांची तक्रारच संवादांची आहे त्यांना हे चालण्यासारखं नव्हतं.

काय घेतलं

पुढे डावा-उजवा पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, त्याच मालिकेतला सेंटर, मागे चार इंची दोन लहान स्पीकर, बंद पेटीचा आठ इंची सबवूफर आणि माइकने खोली मोजून घेणारा ५.१ चा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर. सगळं मिळून बजेटच्या आत बसलं. सगळ्यात मोठा हिस्सा पुढच्या तिघांना दिला. तिघं एकाच मालिकेतले हवेतच, नाहीतर पडद्यावर माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला की त्याचा आवाज मध्येच बदलतो.

खोक्यावरच्या वॉटकडे बघून घाबरू नये. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारो वॉट निरर्थक असतात; आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॉट, विचारावे. इथला हिशोब साधा होता: स्पीकरची संवेदनशीलता एका वॉटला एका मीटरवर ८६ डेसिबेल, ऐकण्याचं अंतर आठ फूट. अंतराची घट आणि खोलीची भर धरून एका वॉटला दिवाणावर ८१ च्या आसपास मिळतं. मामांचं रोजचं ऐकणं सत्तर-पंचाहत्तरवर. ९५ चा दणका द्यायचा म्हटलं तरी २५ वॉट पुरतात.

सब बंद पेटीचाच का? खोलीच्या सगळ्यात खालच्या सुराखाली, म्हणजे इथे ४७ हर्ट्झच्या खाली, लहान आणि पक्क्या भिंतींची खोली आवाजाला स्वतःच उचलून धरते. बंद पेटीचा सब खाली जाताना हळूहळू उतरतो, आणि ही उचल त्याची बरीच भरपाई करते. पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेचं भोक असलेला, मोठा सब आधीच खाली जोरदार असतो. त्यावर खोलीची उचल चढली की सगळंच घुमतं. विटा-काँक्रीटच्या खोल्यांत आठ इंची सब किती खाली जातो हे ऐकल्याशिवाय लोकांना पटत नाही.

मांडणी

पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून साडेसहा फुटांवर स्टँडवर ठेवले. आठ फुटांवरून ते मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना २२ अंशांवर दिसतात. डॉल्बीची शिफारस २२ ते ३० अंशांची. ३० साठी ते बाजूच्या भिंतींपासून जेमतेम साडेचार इंचांवर गेले असते, म्हणून खालचा आकडा पत्करला. सेंटर आधी टीव्ही युनिटच्या कप्प्यात सारला होता आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत होता. तो कप्प्याच्या तोंडाशी ओढला आणि पुढून रबराचे तुकडे लावून मामांच्या कानांकडे तिरका केला.

मागच्या दोघांसाठी ११० ते १२० अंश सांगितले जातात. तसं केलं तर उजवा स्पीकर थेट दारात येतो. दाराच्या वर लावायचा तर साडेसात फूट उंची, म्हणजे डोक्याच्या खूप वर. मग दोन्ही मागच्याच भिंतीवर घेतले, मध्यापासून चार-चार फुटांवर, साडेपाच फूट उंचीला, तोंडं आत वळवून. हिशोबाने ते १२७ अंशांना पडतात. शिफारशीपेक्षा थोडे मागे, पण दोन्ही बाजू सारख्या, आणि मला इथे समानता जास्त मोलाची वाटली. दिवाण भिंतीला टेकलेला असता तर हा मार्गच नव्हता.

वायर १६ गेज, रस्ता स्कर्टिंगवरून पीव्हीसी केसिंग पट्टीतून. घेताना टोक ब्लेडने खरवडून बघावं. आत चंदेरी धातू दिसला तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम समजावं.

सबची जागा शोधायची रीत जुनी आणि खात्रीची आहे: सब दिवाणावर डोक्याच्या जागी ठेवायचा, बासचा एखादा संथ तुकडा लावायचा आणि भिंतीकडेने रांगत जाऊन कुठे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो ते बघायचं. हे काम मामेभावाने केलं. टीव्हीच्या भिंतीलगतचे कोपरे दोघांनाही नकोसे वाटले, तिथे एकच सूर गुरगुरत होता. डाव्या भिंतीला, खिडकीखाली, पुढून चार फुटांवर आवाज सपाट झाला. ही बाहेरची भिंत, आजींच्या खोलीपासून दूर. त्यामुळे दोन कामं एकत्र झाली. सबखाली जाड रबरी मॅट घातली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, तर सरकपट्टीत फेल्ट भरलं आणि जाड पडदा लावला. टाइल्सवर दिवाणापुढे सोलापुरी सतरंज्या एकावर एक अंथरल्या. त्याने टाळीमागची झणझण गेली, खालच्या सुरांना मात्र सतरंजीने काही होत नाही.

रिसीव्हरच्या मोजणीचं काम माइकने झालं. यामाहाच्या बहुतेक रिसीव्हरमध्ये याला वायपीएओ म्हणतात, डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी. मोजताना माइक कानाच्या उंचीला स्टँडवर हवा, तक्क्यावर ठेवू नये. मोजणीनंतर हाताने दोन बदल केले. पुढच्या तिघांना 'स्मॉल' करून ८० हर्ट्झवर तोडलं, म्हणजे त्याखालचं सगळं सबकडे; सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सने रूढ केलेला हाच आकडा. मागच्यांना १०० वर. आणि सेंटर अडीच डेसिबेलने वाढवला, मामांच्या कानांसाठी. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं (सब कोणत्या सुरापर्यंत वाजेल ते ठरवणारं) बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं, कारण गाळणी एकदाच लागायला हवी.

एवढं करूनही पहिल्या संध्याकाळी मागचे स्पीकर गप्प. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये आउटपुट 'पीसीएम' होतं, त्यामुळे एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या एचडीएमआयच्या, तारेतून दोनच चॅनेल जात होते. 'ऑटो' केल्यावर ५.१ सुरू झालं. डीटीएचवरच्या मराठी मालिका बहुतांशी स्टिरिओच असतात. तिथे रिसीव्हरचा डॉल्बी अपमिक्सर (दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटणारी सोय) लावला की दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज, म्हणजे संवाद, सेंटरकडे येतो. मामींना याचा फायदा मामांपेक्षा जास्त झाला.

शेजार

ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबेल आहे, पण शेजारधर्म आकड्यावर चालत नाही. रविवारी दुपारी आजींची परवानगी काढून मी त्यांच्या पलंगावर बसलो आणि इकडे मामेभावाने एक दणदणीत प्रसंग लावला. संवाद अजिबात आले नाहीत, खालची धडधड मात्र भिंतीतून जाणवली. "एवढं चालेल रे," असं आजी म्हणाल्या, पण आम्ही सब आणखी तीन डेसिबेलने उतरवला. रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड लावायचा हा घरात नियम झाला. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. मामांच्या मूळ तक्रारीला हे बटण इतकं लागू पडलं की ते आता दिवसाही चालू असतं. मामेभावाला ते पसंत नाही, तो एकटा असला की बंद करतो.

काही गोष्टी अपुऱ्या आहेत. मामी दिवाणाच्या डाव्या टोकाला बसतात. मधोमध बसणाऱ्याला रुंदीचा ५६ हर्ट्झचा सूर जवळपास जाणवत नाही, पण मध्य सोडला की तो वाढत जातो. त्यांच्या जागी बास थोडा जड आहेच. आणि मामांच्या जागी ९० ते १०० हर्ट्झच्या मध्ये एक खड्डा आहे, कारण डोकं खोलीच्या लांबीच्या पाव अंतरावर आलंय आणि लांबीचा दुसरा सूर, ९४ हर्ट्झचा, तिथेच नाहीसा होतो. दिवाण आणखी दीड फूट पुढे घेतला तर हा खड्डा भरेल, पण मग टीव्हीपुढे पाय ठेवायला जागा उरत नाही. समोरासमोरच्या भिंतींना दोन सब लावून मामींच्या जागेचं जडपण पुष्कळ कमी होईल. दुसऱ्या सबची जागा दाराशेजारी, उजव्या भिंतीला आहे आणि उरलेल्या पैशांत तो येऊही शकतो. मामींनी त्या जागेवर तूर्तास चपलांचं कपाट ठेवलंय.